वरचा प्रोसेसर घ्यावा का? आधी घड्याळ लावून बघा

नवं सत्र जवळ आलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. लॅपटॉप ठरलाय, रंगसुद्धा ठरलाय, फक्त पैसे भरायचे बाकी आहेत, आणि तिथे एक चौकोन दिसतोय: याच मॉडेलमध्ये आय५ ऐवजी आय७ प्रोसेसर हवा असेल तर आणखी दोनशे डॉलर. घ्यावा का?

उत्तरं दोन प्रकारची येतात. एक म्हणतो, "एवढे पैसे घालतोच आहेस तर वरचाच घे, चार-पाच वर्षं बघायला नको." दुसरा म्हणतो, "काही फरक पडत नाही रे, सगळं मार्केटिंग." दोघंही प्रश्न विचारणाऱ्याला एक गोष्ट विचारत नाहीत: तू या लॅपटॉपवर करणार काय?

दोनशे डॉलर म्हणजे थोडेथोडके पैसे नाहीत. शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या मुलाला ते व्याजासकट फेडायचे असतात. तेव्हा "घेऊन टाक" किंवा "सोड" यापेक्षा बरं उत्तर मिळायला हवं, आणि ते मिळू शकतं. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. एक साधा नियम, अर्धा तास मोजमाप आणि थोडा गुणाकार-भागाकार पुरतो.

अपग्रेड म्हणजे नक्की काय?

आधी एक गैरसमज दूर करू. डेस्कटॉपमध्ये जुना प्रोसेसर काढून नवा बसवता येतो. लॅपटॉपमध्ये आता ते जवळजवळ शक्य नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१३-१४ च्या सुमारापर्यंत, काही लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असायचा. त्यानंतर तो थेट मदरबोर्डवर सोल्डर करून येऊ लागला. २०२१ पासून फ्रेमवर्क ही कंपनी असे लॅपटॉप विकते ज्यात अख्खा मदरबोर्ड बदलता येतो, पण तो अपवाद झाला.

म्हणजे लॅपटॉपचा "प्रोसेसर अपग्रेड" दोनच प्रकारे होतो. एक, विकत घेतानाच वरचा पर्याय निवडणं. दोन, जुना लॅपटॉप बाजूला ठेवून नवा घेणं. दोन्हींचा हिशोब एकाच पद्धतीने करता येतो, फक्त आकडे बदलतात.

भाजी चिरणं आणि कुकर

आता तो नियम. समजा, तुम्हाला रोजचा स्वयंपाक करायला एक तास लागतो. त्यातली दहा मिनिटं भाजी चिरण्यात जातात. बाकीची पन्नास कुकर, फोडणी, पोळ्या, भांडी शोधणं यात. तुम्ही महागातला फूड प्रोसेसर आणला आणि चिरण्याचा वेळ निम्मा झाला. आता स्वयंपाकाला किती वेळ लागेल? पंचावन्न मिनिटं. त्याहून महाग यंत्र आणलंत आणि चिरणं डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हायला लागलं, तरी पन्नास मिनिटांच्या खाली तुम्ही जाऊ शकत नाही. कुकरच्या शिट्ट्या यंत्राचं ऐकत नाहीत.

संगणकाच्या जगात याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात. जीन अ‍ॅमडाल हा आयबीएममधला संगणक-रचनाकार, सिस्टिम/३६० या मशिन्सच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक. १९६७ मध्ये त्याने हा मुद्दा मांडला: कामाचा एखादा भाग कितीही जलद केला, तरी एकूण फायदा हा न बदललेल्या भागाने अडवलेला असतो.

लॅपटॉपवर तुम्ही जे थांबता त्यातही असेच वेगवेगळे भाग असतात. वेबपेज उघडायला वेळ लागतो तेव्हा त्यातला काही वेळ सर्व्हरचा असतो, काही वायफायचा, काही मेमरीचा आणि काही प्रोसेसरचा. वरचा प्रोसेसर घेऊन फक्त शेवटचा वाटा कमी होतो. म्हणून "हा प्रोसेसर किती जलद आहे?" याच्या आधी विचारायचा प्रश्न हा: माझ्या थांबण्यातला किती भाग प्रोसेसरमुळे आहे?

ओटा, फडताळ आणि माळा

प्रोसेसरच्या खालोखाल थांबायला लावणारी गोष्ट म्हणजे मेमरी, अर्थात रॅम. स्वयंपाकघरातच राहू. रॅम म्हणजे ओटा: आत्ता लागणाऱ्या वस्तू हाताशी. एसएसडी म्हणजे फडताळ. जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क म्हणजे माळा, तिथून काही काढायचं तर शिडी लावावी लागते.

यांच्यातलं अंतर आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार मोठं आहे. रॅममधून माहिती यायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीतून यायला त्याच्या साधारण हजारपट. हार्ड डिस्कवरून यायला साधारण लाखपट. समजा ओट्यावरून मीठ उचलायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर फडताळातून काढायला सतरा मिनिटं लागतील आणि माळ्यावरून काढायला एक दिवसाहून जास्त.

आता ब्राउझरचे तीस टॅब, एक व्हिडिओ कॉल, वर्ड आणि एखादं मोठं एक्सेल असं सगळं ८ जीबी रॅममध्ये मावत नाही. ओटा भरला की लॅपटॉप वस्तू फडताळात ठेवतो आणि लागली की परत काढतो. या ये-जा करण्याला स्वॅपिंग म्हणतात. आपल्याला मात्र दिसतं एवढंच की लॅपटॉप "हँग" होतोय, आणि आपण प्रोसेसरला नावं ठेवतो. इथे आय७ घेतलात तर तोही त्याच फडताळासमोर हात बांधून उभा राहील.

मोजायचं कसं?

हे मोजायला काही विकत घ्यावं लागत नाही. तुमचा आत्ताचा लॅपटॉप चार्जरला लावा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतात, म्हणून चार्जर हवाच. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्सचं पान बघा. मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर आहे. लिनक्सवाल्यांना एचटॉप सांगायला नको. मग जे काम करताना तुम्हाला खरोखर कंटाळा येतो तेच काम करा आणि ते चालू असताना आकडे बघा.

साधारण चार चित्रं दिसतात.

पहिलं: मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत कामात. ओटा भरलाय. पैसे मेमरीवर घाला.

दुसरं: प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळं निवांत, तरी तुम्ही थांबलेले. वाट इंटरनेटची किंवा पलीकडच्या सर्व्हरची आहे. इथे कुठलाही लॅपटॉप उपयोगाचा नाही, राउटर खिडकीतून हलवून बघा.

तिसरं: प्रोसेसर शंभर टक्के, सगळे कोअर कामाला लागलेले. हे प्रोसेसरचं खरं काम. व्हिडिओ एक्स्पोर्ट, मोठा प्रोग्रॅम कंपाइल करणं, थ्रीडी रेंडर, एकाच वेळी अनेक तुकड्यांत चालणारं सिम्युलेशन ही नेहमीची उदाहरणं.

चौथं चित्र फसवं आहे. प्रोसेसरचा आकडा आठ-दहा टक्केच दिसतो, पण तुम्ही थांबलेले असता. इथे घाई करू नका. आजच्या प्रोसेसरवर एकाच वेळी कामाचे अनेक धागे चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एकच थ्रेड जीव तोडून धावत असेल आणि बाकी अकरा बसून असतील, तर एकूण आकडा शंभर भागिले बारा, म्हणजे सुमारे आठ टक्केच दिसणार. टास्क मॅनेजरमध्ये आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा, मग कळेल. तुम्ही साध्या पायथनमध्ये लिहिलेला लूप बहुतेक वेळा असाच एका वेळी एकाच कोअरवर चालतो. अशा कामाला जास्त कोअर देऊन काही होत नाही, एकेक कोअर जलद असावा लागतो. किंवा प्रोग्रॅम सुधारावा लागतो, आणि ते फुकटात होतं.

एक आठवडाभर अधूनमधून हे बघा आणि कागदावर टिपून ठेवा: दिवसात किती मिनिटं मी तिसऱ्या किंवा चौथ्या चित्रात थांबलो? तुमच्या निर्णयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि तो कुठल्याच यूट्यूब रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही.

दोन चिप शेजारी ठेवून

आता विकणाऱ्याची बाजू बघू. एक खरी जोडी घेऊ: इंटेलच्या तेराव्या पिढीतले आय५-१३३५यू आणि आय७-१३५५यू. पातळ लॅपटॉपमध्ये ही जोडी फार दिसायची, आणि बऱ्याचदा एकाच मॉडेलचे दोन पर्याय म्हणून.

दोन्हींत दहा कोअर: दोन जलद आणि आठ काटकसरी. दोन्हींत बारा थ्रेड. दोन्हींत १२ एमबी कॅशे. दोन्हींची मूळ वीजमर्यादा १५ वॉट. फरक कुठे आहे? आय५ चा कमाल वेग ४.६ गिगाहर्ट्झ, आय७ चा ५.०. शिवाय आय७ मधला ग्राफिक्सचा भाग थोडा मोठा: ८० ऐवजी ९६ युनिट. बाकी जवळपास तेच.

५ ला ४.६ ने भागलं तर १.०८७ येतं. म्हणजे जास्तीत जास्त पावणेनऊ टक्के. नावात पाच आणि सात आहेत म्हणून आपल्या मनात चाळीस टक्के फरक तयार होतो. प्रत्यक्षात तो नऊच्याही खाली आहे, आणि तोसुद्धा सगळं मनासारखं घडलं तर.

समजा एखाद्या कामात तुमच्या थांबण्याचा तीस टक्के भाग प्रोसेसरचा आहे. अ‍ॅमडालच्या नियमात आकडे टाका: दहा सेकंदांचं काम ९.७६ सेकंदांत होईल. पाव सेकंद वाचला. जेकब नीलसन या अभ्यासकाने १९९३ मध्ये माणसाच्या प्रतीक्षेच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. दशांश सेकंदात झालं तर ते लगेच झालं असं वाटतं. एक सेकंदापर्यंत विचारांचा धागा तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. पाव सेकंद वाचवून तुम्ही यातली कुठलीही पायरी क्वचितच ओलांडता.

उष्णता नावाचा तिसरा भागीदार

अजून एक गोष्ट आहे, आणि जाहिरातीत ती नसते. तो ५ गिगाहर्ट्झचा आकडा कमाल आहे, सतत टिकणारा नाही.

थोडा इतिहास लागतो इथे. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं आणि त्यासोबत व्होल्टेज कमी करत गेलं, तर तेवढ्याच जागेत तेवढ्याच विजेत जास्त वेग मिळतो. त्या जोरावर तीस वर्षं घड्याळाचा वेग वाढत राहिला. २००४ मध्ये पेन्टियम ४ चा वेग ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला होता. मग व्होल्टेज आणखी कमी होईना, वीज गळायला लागली आणि चिप तापायला लागल्या. म्हणून कंपन्या एका कोअरचा वेग वाढवण्याऐवजी जास्त कोअर देण्याकडे वळल्या. वीस वर्षांनंतरही लॅपटॉपच्या जाहिरातीत ५ च्या आसपासचाच आकडा दिसतो, याचं कारण हे. प्रत्येक गिगाहर्ट्झमध्ये होणारं काम मात्र खूप वाढलंय, त्याकडे पुढे येऊ.

वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेगाची शेवटची पायरी म्हणून सगळ्यात महाग पडते. पातळ लॅपटॉपमधली चिप थोडा वेळ जोरात धावते, तापते, आणि मग पंखा जेवढी उष्णता बाहेर टाकू शकतो तेवढ्यावर येऊन स्थिरावते. हीच थ्रॉटलिंगची गोष्ट. दोन्ही चिपमध्ये कोअर तेवढेच, पंखा तोच, वीजमर्यादा तीच, म्हणजे अर्ध्या तासाच्या रेंडरमध्ये दोघींची गाठ जवळपास त्याच ठिकाणी पडते.

यातून एक गंमत तयार होते. वरच्या चिपचा फायदा छोट्या, काही सेकंदांच्या कामात नीट मिळतो, पण तिथे वाचलेला वेळ जाणवत नाही. मोठ्या कामात तो वेळ जाणवला असता, पण तिथे उष्णता तो खाऊन टाकते.

म्हणूनच सतत जड काम करणाऱ्याने आय५-आय७ च्या आधी लॅपटॉपची जाडी, पंखे आणि प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघावं. इंटेलमध्ये यू म्हणजे कमी विजेवर चालणारा आणि एच म्हणजे जास्त वीज घेणारा वर्ग. चांगल्या पंख्याच्या लॅपटॉपमधला एच वर्गातला आय५ हा पातळ लॅपटॉपमधल्या यू वर्गातल्या आय७ ला लांब कामात मागे टाकू शकतो. त्या बदल्यात वजन आणि आवाज वाढतो, बॅटरी लवकर उतरते. रोज ट्रेनने ये-जा करणाऱ्याने याचाही विचार करायला हवा. मॅकबुक एअरमध्ये तर २०२० च्या एम१ पासून पंखाच नाही. अभ्यास, लेखन, कॉल यासाठी ती सोय सुंदर आहे, तासभराच्या रेंडरसाठी नाही.

आता हिशोब

तुमचा कागदावरचा आकडा काढा. लॅपटॉप चार वर्षं वापरला, वर्षाला २५० कामाचे दिवस, असं धरू. म्हणजे हजार दिवस. वरच्या चिपचा पूर्ण ८.७ टक्के फायदा मिळतोय असं उदारपणे मान्य करू.

पहिली व्यक्ती: मॅनेजमेंटची विद्यार्थिनी. स्लाइड, एक्सेल, कॉल. प्रोसेसरमुळे थांबणं दिवसाला तीन मिनिटं. ती होतात २.७६ मिनिटं, म्हणजे दिवसाला चौदा सेकंद वाचले. हजार दिवसांत साधारण चार तास. दोनशे डॉलरला चार तास, म्हणजे तासाला पन्नास डॉलर. कॅम्पसवरच्या कामात तासाला एवढे मिळणं कठीण. आणि ते चार तासही चौदा-चौदा सेकंदांच्या चिल्लरमध्ये मिळणार.

दुसरी व्यक्ती: सॉफ्टवेअरमधला मुलगा. दिवसभरात कंपाइल होण्याची वाट बघत वीस मिनिटं जातात. ती होतात १८.४. दिवसाला १.६ मिनिटं, हजार दिवसांत सुमारे सव्वीस-सत्तावीस तास. तासाला साडेसात डॉलर. हा सौदा वाईट नाही.

तिसरी व्यक्ती: पीएचडी करणारी. रात्री सिम्युलेशन लावून झोपते. आठ तासांचं काम सात तास बावीस मिनिटांत झालं, तर ते सकाळी सहाला संपण्याऐवजी साडेपाचच्या आत संपेल. ती उठणार सातला. फायदा शून्य. शिवाय तिच्या विद्यापीठात कंप्युटिंग क्लस्टर असेल, तर खरं काम तिथेच चालवावं. मग लॅपटॉप हा फक्त खिडकीचं काम करतो, आणि खिडकीला आय७ लागत नाही.

तिघांसमोर चौकोन तोच, किंमत तीच, उत्तरं वेगळी. म्हणून ग्रुपवर विचारून उत्तर मिळत नाही. उत्तर देणारा स्वतःच्या वीस मिनिटांवरून बोलत असतो आणि तुमची तीनच असतात.

इथे एक बारकावा. थांबणं दोन प्रकारचं असतं: हाताला काम न ठेवणारं आणि आपल्याला मोकळं सोडणारं. एक्स्पोर्ट लावून तुम्ही चहा करायला जात असाल, तर तो वेळ हिशोबात धरू नका. दर दोन मिनिटांनी वीस सेकंद थांबायला लागून विचारांची साखळी तुटत असेल, तर तो वेळ दुप्पट धरला तरी चालेल.

पिढी ही पायरीपेक्षा मोठी

एकाच पिढीत आय५ वरून आय७ वर जाणं एक गोष्ट, पिढी बदलणं दुसरी. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण २०१७ मधलं आहे. सातव्या पिढीतला आय७-७५०० यू हा वरच्या पायरीचा, पण दोनच कोअरचा. त्याच वर्षी आलेला आठव्या पिढीतला आय५-८२५० यू खालच्या पायरीचा, पण चार कोअरचा. वीजमर्यादा दोघांचीही १५ वॉट. सगळे कोअर लागणाऱ्या कामात नवा आय५ जुन्या आय७ च्या स्पष्ट पुढे. त्या वर्षी सेलमध्ये "आय७ स्वस्तात" म्हणून जुना माल घेणाऱ्याने पैसे नावाला दिले.

नावं फसवतात हे इतरांच्या बाबतीतही खरं आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या लॅपटॉप चिपमध्ये पहिला आकडा वर्षाचा आहे, आतली रचना तिसऱ्या आकड्यावरून कळते. रायझन ५ ७५२० यू मध्ये तिसरा आकडा दोन, म्हणजे झेन २, जी रचना २०१९ मध्ये आली. रायझन ५ ७५४० यू मध्ये तो चार, म्हणजे २०२२ ची झेन ४. दुकानात दोन्ही शेजारी, दोन्ही "रायझन ५, ७००० मालिका". फरक मात्र दोन पिढ्यांचा.

अ‍ॅपलची तऱ्हा आणखी वेगळी. एम३ आणि एम४ मॅकबुक एअरमध्ये चिपसाठी जास्त पैसे देऊन आठऐवजी दहा ग्राफिक्स कोअर मिळायचे, मुख्य प्रोसेसरचे कोअर तेवढेच राहायचे. गेम किंवा थ्रीडी करणाऱ्याला त्याचा उपयोग. ब्राउझर आणि पायथनवाल्याला नाही.

आणि हल्ली सगळीकडे दिसणारं एनपीयू. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कोपायलट प्लस पीसी हे नाव आणलं, त्यासाठी ४० टॉप्सचं एनपीयू आणि किमान १६ जीबी रॅम लागते. एनपीयू हे काही ठरावीक एआय कामांसाठी वेगळं सर्किट आहे. तुमचं एक्सेल किंवा तुमचा कोड त्याने आपोआप जलद होत नाही. त्या अटीतली १६ जीबी रॅम मात्र रोज उपयोगी पडेल.

पैसे कुठे घालावेत?

क्रम लावायचाच तर मी असा लावेन. आधी मेमरी: आज नवा लॅपटॉप घेताना १६ जीबी ही किमान समजा. अ‍ॅपलनेही ऑक्टोबर २०२४ पासून मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ वर नेली. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये मेमरीसुद्धा सोल्डर केलेली असते, त्यामुळे नंतर वाढवू म्हणणं तिथे चालत नाही. मग पुरेशी एसएसडी. मग नव्या पिढीचा मधला प्रोसेसर. मग डोळ्यांना सोसेल असा स्क्रीन आणि बोटांना जमेल असा कीबोर्ड, कारण त्यांच्याशी तुमचा रोज सहा-आठ तास संबंध येणार. या सगळ्यानंतर पैसे उरले आणि तुमचा कागद वीस मिनिटं दाखवत असेल, तर वरचा प्रोसेसर जरूर घ्या. तेव्हा ती चैन उरत नाही.

"पुढे लागेल" म्हणून आज वरचा घेण्याचा मोह टाळा. चार वर्षांनंतरच्या गरजेसाठी आज नऊ टक्के विकत घेऊन फारसं काही होत नाही. तेच दोनशे डॉलर बाजूला ठेवले तर तेव्हाच्या नव्या पिढीच्या लॅपटॉपला हातभार लागतो.

जुना लॅपटॉप, आणि घरून येणारा फोन

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे आणि तो हळू झालाय, त्यांनी नवा घेण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पंख्यात धूळ साचली आहे का? काम चालू असताना टास्क मॅनेजरमधला गिगाहर्ट्झचा आकडा मूळ वेगाच्याही खाली घसरत असेल तर चिप तापतेय, आणि साफसफाई व नवी थर्मल पेस्ट हे स्वस्त औषध आहे. मेमरीला मोकळा स्लॉट आहे का? हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसते का?

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र वेगाच्या पलीकडचा आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृत यादीत आहेत. सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही नीट चालत असला, तरी त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील तर तो बदलण्याचं किंवा त्यावर लिनक्स टाकण्याचं कारण पुरेसं आहे. या निर्णयाला घड्याळ लावायची गरज नाही.

हे सगळं आपल्याला आणखी एका कामाला येतं. आपण परदेशात असलो तरी घरचा आयटी विभाग आपणच असतो. "अरे, लॅपटॉप फार हळू झालाय, नवा घेऊ का?" असा बाबांचा फोन आला, की लगेच नव्या मॉडेलची लिंक पाठवू नका. व्हिडिओ कॉलवर त्यांना टास्क मॅनेजर उघडायला सांगा आणि मेमरी आणि डिस्कचे आकडे वाचून दाखवायला लावा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली असेल आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात एसएसडी बसवून घेतली की तोच लॅपटॉप आणखी काही वर्षं सुखाने चालेल. आणि प्रोसेसर त्याहून जुना निघाला, तर बाबांना नवा लॅपटॉप घ्या म्हणून सांगा, पण तो आय५च, १६ जीबीवाला.